रंगाखालची गाडी

धाकट्या,

तू गेलास त्याला वर्ष होत आलं, आणि लोक अजून तुझ्याबद्दल वाटेल ते बोलतात. परवा तुझ्या गल्लीतली एक बाई मला म्हणाली, "तुमचा भाऊ भारी हेकट हो, पोराला सुखानं एक गाडी घेऊ दिली नाही." तिला मी तिथेच गप्प केलं. पण सगळ्या गल्लीला गप्प करत फिरायला मला वेळ नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकते. तुझ्याशी बोलत लिहिलं तर तू मध्येच "जाऊ दे ना ताई" म्हणशील आणि माझं राहून जाईल. तेव्हा तू जरा बाजूला बस. इथून पुढे तू म्हणजे 'धाकटा'.

धाकटा गॅरेजमध्ये रंगकाम करायचा. ठोकलेली गाडी पत्रेवाला सरळ करून द्यायचा. मग पुट्टी भरायची, पॉलिश पेपरनं घासून घासून बोटाला सांधा लागेनासा करायचा आणि वर रंगाचा फवारा मारायचा, हे याचं काम. हात असा की गाडी नेमकी कुठे ठोकली होती ते तिच्या धन्यालाच आठवू नये. तोंडाला नुसता रुमाल बांधून आयुष्यभर रंग हुंगला, त्यानं छातीचा पार भाता झाला होता. जिना चढून आला की आधी कठडा धरून उभा राहायचा, मग बोलायचा. तरी मालकानं त्याला काढलं नव्हतं. गॅरेजमध्ये पहिल्याच दिवशी त्याला बजावलं होतं, रंगाखाली काय आहे ते या दाराबाहेर बोलायचं नाही. ते त्यानं इमानानं पाळलं. बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही.

त्याच्या मुलाला गाडी हवी होती. चैन म्हणून नव्हे. स्कूटरवर मुलगा, सून, मध्ये नात, आणि सुनेला पुन्हा दिवस गेलेले. एकदा वळणावर स्कूटर घसरली, नातीच्या हनुवटीला टाके पडले, तेव्हा सून म्हणाली, "आता मी काही यावर बसायची नाही." नवी गाडी झेपणारी नव्हती. मग ठरलं, वापरलेलीच घ्यायची, पण धड असलेली हॅचबॅक, सासूचे दुखरे गुडघे मागे नीट मावतील एवढी. मुलगा म्हणाला, "आपल्याकडे बाबा आहेत. आपल्याला कोण फसवतोय!" त्या एका वाक्यानं धाकट्याची छाती फुगली. इस्त्रीचा शर्ट घालून निघायचा गाड्या बघायला.

दर सुट्टीला बापलेक फिरू लागले. धाकटा गाडीभोवती एक चक्कर मारायचा, बोटाच्या पेरानं पत्रा वाजवायचा आणि मान हलवायचा. हिचा दरवाजा बदललाय. हिच्या बॉनेटचे नट फिरलेत. ही पाण्यात बुडून आलीय, आत वास घेऊन बघ. एक विकणारा वैतागून म्हणाला, "अहो काका, एकट्या डॉक्टरांनी वापरलेली गाडी आहे ही!"

धाकट्यानं विचारलं, "डॉक्टर वाचले का?"

मुलगा तेव्हा पोट धरून हसला होता. पुढे पुढे तो हसेनासा झाला. सुनेला आता वाकताही येईना. ती म्हणाली, "बाबा, गाडी बघताय की लेकीसाठी स्थळ?"

आणि एका संध्याकाळी धाकटा कामावरून आला तर दारात चंदेरी हॅचबॅक उभी. मुलगा स्टिअरिंगवर, धाकट्याची बायको मागे पाय पसरून बसलेली, नात हॉर्न वाजवून गल्ली डोक्यावर घेतेय.

"मालकांनी दिली, बाबा! बदल्यात आलेली त्यांच्याकडे. तुमच्याकडे बघून किंमत लावली. इसार देऊन आलोय."

धाकट्यानं चक्कर मारली नाही, पत्रा वाजवला नाही. मागच्या दाराशी जाऊन चौकटीचं रबर बोटानं जरासं उचललं. खाली पांढरा रंग होता. रबर पुन्हा दाबून बसवलं आणि म्हणाला, "ही नको."

"का?"

"नको म्हटलं ना."

"काय खोट आहे हिच्यात? एक सांगा. एकच सांगा."

धाकटा ते रबर पुन्हा पुन्हा दाबत राहिला.

"बघितलंस आई? लोकांच्या गाड्या चकचकीत करायला आवडतं यांना. आपल्या दारात एक आली की पोटात दुखतं."

"अहो, बोला की काहीतरी," बायको आतून म्हणाली.

सून नातीला मागच्या सीटवर चढवत होती. "चला, आपण चक्कर मारून येऊ. आजोबांना बसू दे रुसून." मुलानं किल्ली फिरवली. तेव्हा धाकटा पुढे गेला आणि बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभा राहिला.

"बाजूला व्हा, बाबा."

"हिचा सांधा मी बुजवलाय."

"म्हणजे रंग दिलात? मग तर चांगलंच आहे की."

"ही एक गाडी नाही रे. पुढची एक, मागची दुसरी. दोन्ही ठोकलेल्या. मधून कापून जोडल्यात, वरून रंग दिलाय. मार बसला तर तिथेच उघडेल." त्यानं नातीकडे बोट केलं. "तिच्या सीटखाली आहे सांधा."

मुलानं गाडी बंद केली. सुनेनं पोरीला खाली ओढलं तशी ती रडायला लागली. सगळे उतरले तरी मुलगा आतच बसून होता. मग काच खाली करून म्हणाला, "आधी असल्या गाड्या घेतल्या ज्यांनी, त्यांना सांगितलं होतंत?"

"नाही."

"अशा किती केल्यात?"

धाकट्याला धाप लागली होती. "मोजल्या नाहीत," एवढंच म्हणाला.

मालकानं इसार परत केला. दुसऱ्या दिवशी धाकट्याला म्हणाला, "मिस्त्री, तुमचं पोरगं एकाएकी फारच शहाणं झालं हो. आता तुम्ही घरी आराम करा." झालं. नोकरी गेली.

ती गेली त्याचं त्याला एवढं नव्हतं. मुलानं नंतर दुसरीकडून गाडी घेतली, जरा महागच पडली, आणि ती घेताना बापाला दाखवली नाही. पहिल्या दिवशी धाकटा फडकं घेऊन खाली गेला तर मुलगा म्हणाला, "राहू द्या, बाबा. हात लावू नका." आवाज चढवून नाही. परक्या माणसाला सांगावं तसं. बाळ त्याच गाडीतून घरी आलं, नात त्याच गाडीतून शाळेत जाऊ लागली. सून अधूनमधून विचारायची, "बाबा, येताय?" मुलानं एकदाही विचारलं नाही, आणि त्यानं विचारल्याशिवाय धाकटा कसला बसतोय! त्या गाडीत तो कधीच बसला नाही. गल्लीला एवढंच दिसलं.

आता पुन्हा तुझ्याशीच बोलते. नंतर तू माझ्याकडे आलास, पाणी प्यायलास आणि एका लाल गाडीचं सांगितलंस. तसलीच जोडलेली. ती पोचवायला मालकानं तुलाच पाठवलं होतं. पाण्याच्या मोठ्या टाकीच्या पलीकडे घर, कडेवर मूल घेऊन एक बाई बाहेर आली. तिनं तुला खुर्ची दिली आणि विचारलं, "मिस्त्री, चांगली आहे ना हो गाडी?" तू म्हणालास, "आरशासारखी."

"ताई, तिला जाऊन सांगायचंय. मी एकटा गेलो तर हाकलून देतील. तू चष्मा लावून, शिकलीसवरलेली दिसशील अशी, नुसती बाजूला उभी राहा. पत्ता नाही माझ्याकडे, पण गल्ली बघितली की घर ओळखीन."

शनिवार ठरला. मी पर्स घेऊन दारात बसले होते. तुझा फोन आला, "आज श्वास पुरत नाही गं. पुढच्या शनिवारी नक्की." मी म्हणाले, "टाळू नकोस हं." तू टाळत नव्हतास.

पुढच्या शनिवारी तू दवाखान्यात होतास, तोंडावर ऑक्सिजन. बोलता येत नव्हतं, तर पलंगावरून मला हातानं रस्ता दाखवत होतास. डावीकडे, मग सरळ, मग पुन्हा डावीकडे.

टाकीपाशी मी जाऊन आले, धाकट्या. डावीकडे वळणाऱ्या गल्ल्या तिथे बऱ्याच आहेत.