पुलापर्यंत आणि परत

आमच्या फलटणकडे कालव्याला कालवा कुणी म्हणत नाही, कॅनॉल म्हणतात. कॅनॉलच्या कडेने मुरमाचा रस्ता आहे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उतारावर वेड्या बाभळी आणि खाली ऊस. रस्ता केला होता पाहणीच्या जीपसाठी, पण सकाळी त्यावर जीप सोडून सगळं असतं. फिरायला आलेली म्हातारी माणसं, भरतीसाठी पळणारे, वैरणीचे भारे आणणाऱ्या बाया आणि दोन वर्षांपासून गिअरच्या सायकलवर मी.

सायकल मला डॉक्टरांनी नेमून दिली. साखर वाढली होती. नवऱ्याचंच सायकलचं दुकान, त्यामुळे सबब सांगायला जागा नव्हती. सत्तेचाळिसाव्या वर्षी ओढणीला मागे गाठ मारून मी निघाले, तेव्हा नात्यातल्या बायकांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं. महिनाभरात माझी भीती गेली आणि तिच्या जागी खाज आली. फोनवर मिनिटं मोजायची, गावापासून नव्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. तेवीस मिनिटांवरून मी वीसवर आले होते आणि आता मला एकोणीस हवी होती. ती कशाला हवी होती, हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

घंटीची कल्पना नवऱ्याची. त्याने फोनवर कुठल्याशा परदेशातल्या डोंगरवाटा पाहिल्या होत्या. तिकडे म्हणे सायकलच्या हँडलला एक छोटी घंटा टांगतात. खडबडीत रस्त्यावर ती आपोआप वाजत राहते आणि पुढच्या माणसाला आधीच कळतं. तसली घंटा इथे कुठून मिळणार? त्याने बाजारात जनावरांच्या साजाच्या दुकानातून एक पितळी घंटा आणली आणि चामड्याच्या वादीने हँडलखाली बांधली. आवाज गोड होता. जेवढा वेग जास्त, तेवढी ती जोरात वाजायची. आम्ही दोघंही त्या युक्तीवर खूश होतो.

खूश नव्हते ते एक गुरुजी. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेले, रोज काठी टेकत त्याच रस्त्यावर चालणारे. कॅनॉललगतच त्यांचं रान होतं. एकदा मी त्यांच्या कोपराला वारा घालत गेले, तर परतताना ते रस्त्यात उभेच होते. मला थांबवून शांतपणे म्हणाले, "बाई, पायी चालणाऱ्याचा रस्ता आधी. तुम्ही वेग कमी करा, मग घंटी वाजवा."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असा माझा स्वभाव. मी म्हणाले की घंटी दोन फर्लांगावरून ऐकू येते, ऐकून बाजूला व्हायचं काम पुढच्याचं. त्यांनी काठी उचलून मला वाट दिली. त्यानंतर मी त्यांना सलाम करणं सोडलं आणि त्यांनी माझ्याकडे पाहणं.

त्या सकाळी कॅनॉल भरून वाहत होता. भरल्या कॅनॉलात पडलेलं जनावर आपणहून वर येत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आतून सिमेंटचं अस्तर, त्यावर शेवाळ. पाय ठरत नाही. पुढे पाणी अडवायचं लोखंडी दार असतं, तिथे जाऊन काय ते सापडतं.

दिवाळी होऊन पंधराएक दिवस झाले होते. या दिवसांत माण तालुक्याकडचे मेंढपाळ चाऱ्यासाठी आमच्या बागायतीत उतरतात. मी वळणावरून बाहेर आले तर समोर कळप. दीडशे तरी मेंढरं असतील, सगळा रस्ता भरून, माझ्याकडे पाठ करून, मी चालले होते तिकडेच चाललेली. कळपाच्या पार पुढे मेंढपाळाचं पागोटं दिसत होतं. सर्वांत मागे, माझ्या बाजूला, लादलेली घोडी होती. घोंगडी, भांडी, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, आणि त्या सगळ्यावर बसवून कापडाने बांधलेलं दीड-दोन वर्षांचं पोर. घोडीची दोरी धरून त्याची आई चालली होती.

घड्याळ माझ्या बाजूने होतं. एकोणीस आज नक्की जमत होती. मी ब्रेक लावला नाही. उलट हँडल हलवून घंटी आणखी जोरात वाजवली, म्हणजे वाट होईल.

वाट झाली नाही. सगळा कळप एकदम थांबला आणि मागे फिरला. दीडशे तोंडं माझ्याकडे वळली आणि मेंढरं धावत माझ्याच अंगावर येऊ लागली. मी ब्रेक दाबला, सायकल आडवी घसरली, घंटी खणाखणा वाजली आणि मेंढरं आणखी जोरात आली. घोडीच्या दोन्ही बाजूंनी, पोटाखालून, एकमेकांवर चढत. त्या लोंढ्याने घोडीला कॅनॉलच्या बाजूला रेटलं. तिचा मागचा एक पाय काठावरून खाली गेला. सिमेंटवर नाल घासल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. वरचं ओझं पाण्याकडे कललं आणि त्याच्याबरोबर ते पोरही.

मी काय करावं? सायकल वळवून पळू लागले. पळताना घंटी वाजणारच. मेंढरं आणखी रेटली.

त्या बाईने किंचाळायला हवं होतं. ती किंचाळली नाही. दोरी दोन्ही हातांनी ओढून धरून, माझ्याकडे मान वळवून, एकेक शब्द ठासून म्हणाली, "घंटी धरा. मुठीत धरा आदी."

मी धरली. आवाज बंद झाला तशी मेंढरं जागच्या जागी थबकली. माझ्या गुडघ्यांना त्यांची अंगं लागत होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. कळपाच्या पुढे चालणाऱ्या बोकडाच्या गळ्यात अशीच घंटा असते, त्याच दुकानातली. ती वाजते तिकडे मेंढरं जातात. जन्मापासून त्यांना तेवढंच शिकवलेलं. मी त्यांना बाजूला व्हा म्हणत होते आणि ती ऐकत होती, माझ्यामागे या.

पण थांबून भागणार नव्हतं. मेंढरं घोडीभोवती दाटून उभी होती. तिला पाय वर घ्यायला जागा नव्हती आणि मेंढपाळ पलीकडे कळपात अडकला होता. घोडीच्या खुराखालून मुरमाचे खडे पाण्यात पडत होते.

"आता मागारी चालाय लागा," बाई म्हणाली. "उतरून चाला. वाजू द्या, पर हळू. तुमच्या मागं येत्याली."

मी घोडीकडे पाठ केली. आयुष्यात एवढं अवघड काम मी केलेलं नाही. सायकल हातात धरून आल्या वाटेने चालू लागले, घंटी टुणटुण वाजू लागली आणि मागून मेंढरांच्या पायांचा आवाज येऊ लागला. मागे वळून पाहायची हिंमत नव्हती. पाण्यात काही पडल्याचा आवाज येतोय का, एवढंच कान ऐकत होते. भीतीने माझे पाय आपोआप भरभर पडू लागले. लगेच घंटी भरभर वाजली, मेंढरं धावू लागली आणि मागून घोडीचं फुरफुरणं ऐकू आलं.

"हळू, आक्का. चरत्या शेळीगत चाला."

शेळी चरताना कशी चालते? एक पाऊल, मग थांबायचं, मग दुसरं पाऊल. मी तशी चालले. मी मनातल्या मनात येईल ती दुआ म्हणत होते. दोन वर्षं मी त्या रस्त्यावर सेकंद वाचवत होते. त्या दिवशी एका विजेच्या खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जायला मला किती वेळ लागला, ते फोनलाच ठाऊक. पाण्याचा आवाज तसाच होता. एकदा भांडं पडल्याचा खणकन आवाज झाला आणि माझी दुआ अर्ध्यावरच राहिली.

मग मागून मेंढपाळाची लांब शीळ आली. मेंढरांनी माना वर केल्या. मी घंटी पुन्हा मुठीत आवळली आणि वळून पाहिलं. घोडी रस्त्याच्या मधोमध चारी पायांवर उभी होती. अंगावरून घाम गळत होता. मेंढपाळ दोरी धरून तिच्या कपाळावर हात फिरवत होता आणि पोर आईच्या खांद्यावर होतं. एक पातेलं तेवढं कॅनॉलने नेलं.

मला शिव्या पडणार, असं धरून मी उभी राहिले. पडायलाच हव्या होत्या. पोराला घेऊन ती माझ्यापर्यंत आली. घंटी आवळलेल्या माझ्या मुठीकडे तिने पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, अशा आवाजात तिने विचारलं, "एवढ्या घाईनं कुटं चालला हुता?"

पुलापर्यंत, मी म्हणाले.

"तितं कुणी आजारी हाय का?"

तिच्या कडेवरचं पोर माझ्याकडे बघत होतं. पुलापर्यंत जाऊन मी परत येते, पुलावर माझं काही नाही, हे वाक्य त्या पोराच्या देखत माझ्या तोंडातून निघेना. मला लाज वाटली आणि लाजेपोटी मी खोटं बोलले. हो म्हणाले.

तिचा चेहरा बदलला. "मंग आदी सांगायचं न्हाई व्हय," असं म्हणून तिने नवऱ्याला हाक मारून आजाऱ्याचं सांगितलं. त्याने कमरेच्या पिशवीतून भंडाऱ्याची चिमूट काढली, कागदाच्या तुकड्यात बांधली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. आजाऱ्याच्या कपाळाला लावा, म्हणाला. मग दोघांनी मिळून, ज्यांना मी आत्ताच पाण्यात घातलं असतं त्यांनी, दीडशे मेंढरं बाभळीच्या कडेला दाबून धरली आणि मला वाट करून दिली. थरथरणाऱ्या घोडीलाही त्यांनी माझ्यासाठी बाजूला घेतलं. ती दोघं बघत होती म्हणून मला घाई असल्यासारखं पायडल मारत जावं लागलं, एका हाताने घंटी धरून.

परत त्या रस्त्याने यायची सोय राहिली नाही. पुलावरून डांबरी रस्त्याला लागून, ट्रकांच्या धुरातून लांबच्या वाटेने मी घरी पोचले. नवऱ्याने किती मिनिटं म्हणून विचारलं. मी त्याला कात्री मागितली आणि वादी कापून घंटी दुकानाच्या काउंटरवर ठेवली. पडले, एवढंच सांगितलं.

दोन दिवस मी घराबाहेर पडले नाही. तिसऱ्या दिवशी भंडाऱ्याची पुडी पर्समध्ये घातली, एक नवं पातेलं घेतलं आणि पायी निघाले. त्यांना गाठून खरं काय ते सांगून टाकायचं होतं. गुरुजींच्या रानात कळप बसल्याचं कळलं होतं. रानात गेले तर नुसत्या लेंड्या आणि विझलेली चूल. गुरुजी बांधावर काठी टेकून उभे होते. आज मी पायी कशी, हे त्यांनी विचारलं नाही. पहाटेच गेले ते लोक, म्हणाले, आणि माझ्या हातातल्या पातेल्याकडे बघत राहिले.

गुरुजींनीच पुढे सांगितलं. "जाताना थांबली होती ती बाई. घंटीवाल्या आक्कांचं माणूस बरं आहे का, विचारत होती. मला काही सांगता येईना." मग बऱ्याच महिन्यांनी त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "कोण आजारी आहे तुमच्याकडे?"

पातेलं बांधावर ठेवून मी खाली बसले. कुणीच नाही, गुरुजी, म्हणाले आणि वळणापासून सगळं सांगायला सुरुवात केली.