जाकिटात गुंडाळलेली बरणी

अ‍ॅमस्टेलव्हीनच्या ट्राममध्ये, ऐन थंडीत, माझ्यासमोर एक डच माणूस बसला होता. मांडीवर काचेची मोठी बरणी, आणि तिला त्याने स्वतःचं जाकीट गुंडाळलेलं. स्वतः नुसत्या शर्टावर कुडकुडत होता. वळण आलं की बरणी छातीशी धरायचा. बुचातल्या नळीतून बुडबुडा निघाला की खूश व्हायचा.

मला राहवेना. शेजारी बसलेल्या, कॉलेजातल्या नातीला म्हटलं, "विचार, काय आहे त्यात?"

तिने डचमध्ये विचारलं. "बिअर आहे, आजी. पहिल्यांदाच घरी करतोय. गार पडली तर आंबायची थांबेल म्हणतो."

"मग घरीच ठेवायची की."

"बायकोपासून वेगळा झालाय. आज घर सोडलं. आईकडे चाललाय."

"विचार, बायकोला कधी असं जपलंस का?"

"आजी, प्लीज!"

पण मी काय म्हणाले ते ऐकायचंच, म्हणून तो हटून बसला. तिने लाजत सांगितलं. तो चिडला नाही. बरणीवर हात ठेवून म्हणाला, "ती कधी काही बोलायचीच नाही. हिचं निदान ऐकू येतं."

"त्याला म्हणावं, बोलत असणार. तू कान दिला नसशील."

या वेळी नातीने एकही शब्द गाळला नाही.

आईच्या घराचा थांबा आला, हे त्यानेच बोट दाखवून सांगितलं. दार उघडलं, मिटलं. तो बसूनच राहिला.

आम्ही पुढे उतरलो. तो कुठे गेला आणि बिअर कशी झाली, कोणाला विचारू?