हार न मिळालेला पंप

बुधवारी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी नवसाबाई स्टुलावर उभ्या राहून ड्रममध्ये कागदाची पट्टी बुडवत होत्या. पट्टी लाल झाली, म्हणजे पाण्याचा आंबटपणा ठीक होता. मग त्यांनी बाटलीभर पाणी काढून खिडकीशी धरलं. कालपर्यंत हिरवट असलेलं पाणी आज कोऱ्या चहाच्या रंगाकडे झुकलं होतं. नुसतं झुकलं होतं. त्यांनी बाटली पुन्हा फिरवून पाहिली.

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या या लहान शेडमध्ये जुन्या टीव्ही-मोबाइलच्या सर्किट प्लेटांचा भुगा करून त्यातलं तांबं काढतात. भट्टी नाही. दोनशे लिटरच्या ड्रममधले जिवाणू ते काम करतात. त्यांचं मूळ बियाणं तांब्याच्या एका खाणीतल्या पाण्यातून आणलेलं. नवसाबाई चौपन्न वर्षांच्या, शिकल्या सातवीपर्यंत, इथे येण्याआधी मेथी-कोथिंबीर पिकवायच्या. नव्या माणसाला त्या सांगतात, "ते तांबं खात नाय. पाण्यातल्या लोखंडावर जगत्यात. त्यांच्या पोटातून गेलेलं लोखंड मंग तांबं विरघळवतं. आन् त्यांना हवा लागती, आपल्यासारखी."

हवा लागते हे ठाऊक असूनही चूक त्यांच्याच हातून झाली. मागच्या बुधवारी खंडेनवमी होती. शेडमध्ये वयाने मोठ्या म्हणून पूजा त्यांनी केली. भुग्याचं यंत्र, तराजू, पंखा आणि ड्रममध्ये हवा सोडणारा पंप, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, झेंडूचे हार घातले आणि रिवाजाप्रमाणे एकेक बटण बंद केलं. यंत्रांना विश्रांती. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. शुक्रवारी त्या आल्या तेव्हा ड्रममधलं एरवी तांबूस असणारं पाणी हिरवंगार झालं होतं.

शेड प्रतिभा मॅडमची. त्यांनी थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. हालचाल नव्हती.

"मावशी, पुढच्या बुधवारपर्यंत बघू. नाही सुधारलं तर ड्रम बंद. भुगा परत तेजाबात टाकू."

तेजाबाचं काम शेखरचं. म्हणजे नवसाबाईंनी सुटे भाग निवडायच्या टेबलावर बसायचं.

"किडे सोनं लुटायला गेले वाटतं, मावशी," शेखर म्हणाला.

"गप रे." त्या खाली वाकल्या आणि स्टुलामागून दहा लिटरचा कॅन ओढून काढला. तळाशी गंजके खिळे, वर लालसर पाणी, आणि माशांच्या टाकीचा एक बारका पंप त्यात बुडबुडे सोडत होता.

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

"मे महिन्यात ड्रममधलं मगभर पाणी घेतलं व्हतं. आंबट पाण्यात गंजके खिळे टाकले तर त्याच्यावर जगत्यात का, ते बघायचं व्हतं."

"मग सांगितलं का नाही?"

"मेले असते तर तुम्ही हसला असता."

कॅनमधला पंप इतका बारका की त्याला हार घालायचं त्यांच्याही मनात आलं नव्हतं. म्हणून त्याचं बटणही कुणी बंद केलं नाही, आणि तो दोन्ही दिवस चालत राहिला. त्याच दुपारी मोठा पंप सुरू केला, ड्रममधलं निम्मं पाणी काढून ताजं आंबट पाणी भरलं, आणि त्यात कॅन ओतला. मगभर तेवढं कॅनमध्येच मागे ठेवलं, पुन्हा कधी गरज पडली तर म्हणून.

आता बुधवारचे नऊ वाजले. मॅडमनी काचपट्टी लावली, बराच वेळ पाहिलं, मग स्टूल सरकवून नवसाबाईंना जागा दिली. बारीक काड्या इकडून तिकडे पळत होत्या.

"किती हायेत?" नवसाबाईंनी विचारलं.

"मोजावे लागतील. पण भरपूर आहेत. ड्रम चालू ठेवू."

शेखरने मोठ्या पंपाच्या बटणाशेजारी भिंतीवर लाल रंगात लिहिलं: 'खंडेनवमीलाही चालू.' नवसाबाईंनी ते वाचलं आणि पंपावरचा वाळलेला हार काढून टाकला.

उद्या, गुरुवारी, सकाळी सातला पट्टी बुडवायची, बाटली खिडकीशी धरायची, आणि ड्रममधलं एक मग पाणी पाच गंजक्या खिळ्यांसह कॅनमध्ये घालायचं.