मेव्हण्याची उंच जीप

बेळगावपासून निपाणीपर्यंत जेवढी म्हणून माणसं राहतात, त्यांत माझ्या मेव्हण्याएवढ्या उफराट्या डोक्याचा माणूस दुसरा नाही. हे मी रागानं सांगत नाही. त्याच्या सख्ख्या बहिणीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, लग्न झाल्या झाल्याच मला बजावलं होतं, "आमच्या आप्पाला काय इचारायचं आसंल तर उलटं इचारा, म्हंजे उत्तर सुलटं येतंय." ती बाई कधी खोटं बोलली नाही. हा माणूस जेवायला बसला की आधी भात खातो आणि मग भाकरी. का म्हणून विचारलं तर सांगतो, "भाकरीला बसाय मऊ जागा नको व्हय, दाजी?" चहा बशीत ओततो, बशी निवेपर्यंत कपातला पिऊन टाकतो, आणि मग बशीतला गार झाला म्हणून परत तापवायला आत पाठवतो. माझ्या बायकोनं जन्मभर तो तापवून दिला. आता मी देतो, पण शिवी देऊन देतो.

तो राहतो बेळगावात, अनगोळला, आणि माझा मळा इकडं निपाणीजवळ, बोरगावच्या अंगाला. मधल्या रस्त्यावरनं तो ज्या जुन्या जीपमधनं येतो, ती त्यानं चिकोडीच्या एका जैन व्यापाऱ्याकडनं घेतली. त्या दिवसापासनं तो जीपशी कन्नडातच बोलतो. घरात मराठी, देवाशी मराठी, भांडणात तर फक्त मराठी. पण जीपला कन्नड. "तिचं बालपण चिकोडीत गेलंय, दाजी. तिला आपली भाषा कशी कळंल?" घाट चढताना तिला चुचकारतो, उतारावर दम देतो. ती ऐकते की नाही कुणास ठाऊक, पण मागं बसलेल्या माणसाला उगाच वाटतं की गाडीत आपल्यापेक्षा वडीलधारं कुणीतरी आहे.

त्याचं वडिलांकडनं आलेलं शेत खानापूरच्या बाजूला, ओढ्यापलीकडं. ओढ्यातल्या धोंड्यांना जीपचं पोट घासायचं. शहाण्या माणसानं धोंडे बाजूला केले असते. यानं जीप उंच केली. चाकांवरचे स्प्रिंगचे जुने पाटे काढून चांगले उंच, कमानदार पाटे बसवले आणि पहिल्यांदा दाखवायला घेऊन आला आमच्याकडंच. बायको भाकरी थापायची सोडून बाहेर आली, जीपकडं खालनं वर बघत राहिली आणि म्हणाली, "आप्पा, ह्यात चढायला शिडी आणू का गाडीच खाली बसतीया उंटागत?" पुढच्या खेपेला हा पठ्ठ्या लाकडी स्टूल घेऊन आला. हिरवा रंग दिलेलं, एका पायाला दोरी बांधलेलं. त्याच्या आक्कानं, म्हणजे हिनं, स्टुलावर पाय ठेवून वर चढायचं आणि दोरी ओढून स्टूल आत घ्यायचं. ती चढली, बसली आणि मळ्याच्या रस्त्यानं फिरताना बांधावरच्या बायकांना हात करत सुटली. पुढं दर खेपेला ती अशीच चढायची. एकदा मला म्हणाली, "या की, तुम्हीबी." मी म्हणालो, "स्टुलावर पाय ठेवून चढायला मी काय म्हातारा झालोय?" सत्तरी उलटलीच होती. पण ते तिला सांगायची गरज नव्हती.

गाडी उंच झाली आणि तिचं डोकं फिरलं. स्टेअरिंग इतकं ढिलं झालं की उजवीकडं फिरवल्यावर गाडी जरा विचार करून मग वळायची, आणि वळली की सरळ व्हायचं विसरायची. हायवेला तर ती अशी झुलायची की मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवण्याऐवजी लांब थांबून नमस्कार करत असावेत. मेव्हणा दोन्ही हातांनी चक्र धरून ओरडायचा, "नेट्टगे होगे!" म्हणजे सरळ जा गं बाई. बेळगावच्या गॅरेजवाल्यांनी हे बदला, ते बदला सांगितलं. यानं बदललं. गाडी झुलतच राहिली.

तेवढ्यात माझी बायको गेली. त्याबद्दल मी लिहिणार नाही. मला येत नाही.

तिच्यामागं पाव्हणे आले, रडले, जेवले, गेले. मला ठाऊक होतं पुढं काय होतं. बायको गेली की तिच्या माहेरची वाट मोडते. आधी सणाला येतात, मग लग्नाची पत्रिका येते, मग पत्रिकाबी पोरगं आणून देतं. मेव्हण्याचंही तसंच होणार म्हणून मी मनाची तयारी केली होती. पण दिवसकार्य झाल्यावरच्या पहिल्याच रविवारी फाटकात जीप झुलत आली. म्हणाला, "दाजी, स्टेअरिंगचं काम काढलंय. तुमच्या मळ्याचा रस्ता सरळ हाय, ट्रायलला बरा." मी म्हणालो, "अनगोळात काय सगळे रस्ते गोल हायीत?" तो म्हणाला, "चहा ठेवा."

मग दर रविवारी हेच. तो जीपखाली झोपायचा आणि मी वरनं बोलायचो. त्याला स्टेअरिंग नीट व्हायला हवं होतं, आणि मलाही, कारण हायवेला हा माणूस एखाद्या दिवशी कुणाच्या तरी चाकाखाली जाईल ही धास्ती मला आठवडाभर खायची. पण गाडी नीट झाल्यावर त्याला इकडं यायला कारण काय राहणार, ही दुसरी धास्ती होती. ती मी त्याला सांगितली नाही. असल्या गोष्टी सांगायला आमच्यात एकच माणूस होतं.

एका रविवारी तो जीपखालनं तोंड काढून म्हणाला, "दाजी, कळलं. पाटे उंच झाल्यावर पुढचा ॲक्सल तोंडावर कललाय. त्याला परत मागं कलवायचं. पाटा आन् ॲक्सल यांच्या मधी पाचर घालायची." पाचर म्हटल्यावर मला नांगर आठवला आणि त्यालाही नांगरच आठवला. आम्ही दोघंही बैलांमागनं चाललेली माणसं. पाचर मागनं ठोकायची आणि जाड बाजू मागं राहणार, यात बोलायचं काय? त्यानं लोखंडी पाचरी करून आणल्या, जाड बाजू मागं ठेवून बसवल्या आणि ट्रायलला निघाला. जीप माझ्या उसात शिरली. नुसती शिरली नाही, आत जाऊन वळायला बघत होती. उसातनं आवाज आला, "दाजी, जरा बिघाडलंय!"

"जरा?" मी म्हणालो. "माझा ऊस तोडायला टोळी सांगितलीया, तुला न्हाय!"

संध्याकाळी दोघं ओट्यावर बसलो होतो. त्याची नजर भिंतीला टेकलेल्या माझ्या सायकलीवर गेली. उठला, सीट धरून सायकल पुढं ढकलली. हॅण्डलला हात न लावता ती सरळ गेली. मग मागं ओढली, तर हॅण्डल गर्रकन फिरलं. परत पुढं, परत मागं. मला वाटलं, गेलं याचं डोकं. पण तो सायकलीचं पुढचं चाक धरणारा चिमटा दाखवत म्हणाला, "वरनं मागं कललाय बघा, सीटकडं. म्हणून चाक आपोआप सरळ होतंय. आपण गाडीला उलटं कलवलं, दाजी. आपण नांगर केला, सायकल कराय पायजे हुती."

पुढच्या रविवारी पाचरी फिरवल्या, जाड बाजू पुढं केली. तो रस्त्यानं गेला, वळला, चक्र सोडून दिलं आणि दोन्ही हात खिडकीबाहेर काढून माझ्याकडं आला. जीप नाकासमोर सरळ. कन्नडात एक शब्द बोलायची गरज पडली नाही. मी म्हणालो, "झालं एकदाचं." तो म्हणाला, "झालं." चहा प्यायला, बशीतला परत तापवून घेतला आणि गेला. पुढच्या खेपेचं काही बोलला नाही. फाटक लावताना माझा हात जरा वेळ कडीवरच राहिला.

तो आठवडा मी लिहीत नाही. रविवारी सकाळी मुद्दाम उसात जाऊन बसलो, म्हणजे वाट बघतोय असं व्हायला नको. उन्हं चढल्यावर जीपचा आवाज आला. बाहेर आलो तर हा फाटकात उभा, कपाळाला आठ्या.

"काय रं, आता काय झालं?"

"स्टेअरिंग जड झालंय, दाजी. सरळ लई चालतंय, पण वळवायला खांदं भरून येत्यात. बघाय पायजे."

"बघाय पायजे," मी म्हणालो. "असल्या कामाला वेळ लागतोय."

"लागणारच की. चला, ओढ्यापलीकडं आक्काच्या बाच्या शेतावर जाऊन येऊ. तिथं वळणं लई हायीत."

त्यानं पुढचं दार उघडलं आणि हिरवं स्टूल खाली ठेवलं. मधोमध एका जागी त्याचा रंग उडालेला होता, एका पायाएवढा. मी त्या उडालेल्या रंगाच्या शेजारी, जरा कडेला पाय ठेवला, वर चढलो आणि दोरी ओढून स्टूल आत घेतलं.