दर्शनी भिंतीबद्दल मी वाचून दाखवलेलं खोटं

मुलांनो, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — तुमच्या आजोबांनाही नाही. परवा तुमचं पत्र आलं. वादळात छप्पर उडालं, बाहेरची भिंत खरवडली, पण विमा होता म्हणून निभावलं, असं तुम्ही सहज लिहिलंत. मी ते दोनदा वाचलं. विम्याचा कागद मीही एकदा वाचला होता. वाचला होता — की वाचल्यासारखं केलं होतं?

तेव्हा मी सोळा वर्षांची. इंग्रजांचं राज्य होतं. शहाद्याजवळ ब्राह्मणपुरीला आमचं पक्क्या विटांचं घर सुकलाल मिस्तरीनं नुकतंच बांधलं होतं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मुंबईच्या एका कंपनीकडे त्याचा विमा उतरवला. कागद इंग्रजीत. मी धुळ्याला मावशीकडे राहून इंग्रजी शिकलेली. आबा चारचौघांत म्हणायचे, "वकील कसाले पाहिजे? मन्ही पोर बॅरिस्टर शे!"

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तीन दिवसांवर असताना भर दुपारी वावधन, वादळी वारं, सुटलं. पत्रे उडाले, समोरच्या निंबाची जाड फांदी मोडून भिंतीवर आदळली. दर्शनी बाजूचा सगळा गिलावा खाली, विटा उघड्या. आखाजीला माझ्या दोन्ही बहिणी सासरहून माहेरी यायच्या होत्या. माय म्हणाली, "लेकी काय हाई उघडं घर पाहाले येतीन?"

आबांनी मला कागद वाचायला बसवलं. पहिल्या पानावर आग होती, वादळ होतं, छप्पर, बाहेरच्या भिंती — सगळं होतं. मागच्या पानावर बारीक अक्षरं. ती मला नीट उमगेनात. पण तसं सांगायचं? बॅरिस्टरनं? मी कागद मिटला आणि म्हणाले, सगळं भरून मिळेल, करा दुरुस्ती.

सुकलालदादानं दोन दिवसांत पत्रे बसवले, भिंत लिंपली, चुना दिला. बहिणी आल्या, झोके बांधले, गाणी झाली.

कंपनीला कळवल्यावर महिनाभरानं तिचा माणूस आला. पांढऱ्याशुभ्र भिंतीकडे पाहत उभा राहिला. नुकसान कुठे आहे, असं त्यानं मला इंग्रजीत विचारलं. मी ताज्या चुन्याकडे बोट दाखवलं. मग कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. आमच्या माणसानं पाहण्याआधी पडझडीला हात लावायचा नाही ही मागच्या पानावरची अट तुम्ही मोडलीत, म्हणून भरपाई नाही.

ओसरीवर सगळे जमलेले. सुकलालदादाही होता. आबा म्हणाले, "वाच." आणि मी — अजून मला धक्का बसतो, किती सहज जमलं ते! — पत्र डोळ्यांसमोर धरून, ओळीवर बोट फिरवत, मराठीत वाचून दाखवलं : भिंतीचं बांधकामच कच्चं होतं, म्हणून पैसे मिळणार नाहीत.

मग सुकलालदादानं माझ्याकडे वळून अगदी हळू विचारलं, "माय, त्या कागदमा मन्हं नाव शे का?"

मी म्हणाले, "शे."

त्याचं नाव त्या पत्रात कुठेही नव्हतं. हेच सांगायचं होतं. एवढ्यासाठी मी इतकी पानं लिहून फाडली.

आबा त्याला रागावलेसुद्धा नाहीत. पण गोष्ट गावभर झाली. त्या हंगामात दोन घरांची कामं त्याच्या हातून गेली. दिवाळीआधी तो बायकोला घेऊन गाव सोडून गेला. मला वाटलं, सुटले. खरंच असं वाटलं मला.

काही वर्षांनी, लग्नानंतर, शहाद्याच्या बाजारात तो दिसला. डोक्यावर सरकीचं पोतं. ते उतरवून त्यानं हात जोडले. मिस्तरीकाम का सोडलं, असं मी विचारलं — मी विचारलं! तो म्हणाला, "इंग्रजी कागद काय खोटं बोलस? मन्हाच हातमा खोट व्हती व्हई. कोनाच्या पोरंसोरंवर भीत पडती तं?" मग खालच्या आवाजात, "माय, तुमनी भितले आते ओल येस का?"

भिंतीला ओल येत नाही, असं मी म्हणाले.

त्याला किती बरं वाटलं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यानं पोतं पुन्हा डोक्यावर घेतलं. खरं काही न सांगता मी त्याला ते उचलू दिलं.