वाट्याची बाभूळ

अंबडच्या आमच्या घरात बैठकीच्या भिंतीवर बाभळीच्या लाकडाची पुस्तकांची मांडणी आहे. येणारा-जाणारा तिच्यावरून हात फिरवतो आणि सागवानाची का नाही केली म्हणून विचारतो. लाकूड माहेरचं आहे, एवढंच मी सांगते. मग लोकांना वाटतं, भावानं हौसेनं दिलं असेल. मी त्यांना तसंच वाटू देते.

वडील गेले आणि वर्षश्राद्धाच्या आतच भावानं हक्कसोडीचा विषय काढला. आमच्याकडे हे घरोघरी होतं. बाप गेला की बहिणी तालुक्याला जाऊन जमिनीवरचा आपला हक्क भावाच्या नावे सोडतात आणि भाऊ त्यांना साडीचोळी करतो. कायदा काय म्हणतो ते सगळ्यांना ठाऊक असतं. मी तर शाळेत मुलींना समान हक्काचा धडा शिकवते, आणि तरीही सही करायला निघाले. कारण आई केदारखेड्याला भावाजवळ राहत होती. सही केली नाही तर त्या घराचा उंबरा मला बंद होणार हे उघड होतं. जमिनीचं मला काही पडलं नव्हतं. वर्षातून चार वेळा आईजवळ जाऊन बसता यावं, एवढंच मला हवं होतं.

भोकरदनला, तालुक्याच्या कचेरीत सह्या झाल्या. बाहेर लिंबाखाली भाऊ, भावजय, चुलते, गावातले दोघे-चौघे असे सगळे उभे होते. आईला सावलीत ओट्यावर बसवलं होतं. तिथे एक रीत असते. भाऊ सगळ्यांसमोर बहिणीला म्हणतो, काय पाहिजे ते माग. बहिणीनं डोळ्याला पदर लावून म्हणायचं, मला काही नको, माझं माहेर तेवढं राहू दे. मग भाऊ साडी देतो आणि सगळे मिळून हॉटेलात भजी खातात.

भाऊ माझ्याहून धाकटा. तो म्हणाला, "आक्का, काय पाहिजे ते माग. बिलकुल लाजू नको."

मी म्हणाले, "बांधावरची बाभूळ दे. मला पुस्तकांची मांडणी करायची आहे."

ही बाभूळ वडिलांनी गाडीच्या चाकांसाठी वाढू दिली होती. पुढे ट्रॅक्टर आला, बैल गेले आणि बाभूळ तशीच राहिली. कपाशीच्या ओळींवर तिची सावली पडते, मोटारसायकल पंक्चर होते म्हणून भाऊ तिला उठता-बसता शिव्या द्यायचा. मला वाटलं, त्याची ब्याद जाईल आणि पोत्यांत वाळवी लागलेल्या माझ्या पुस्तकांना जागा होईल. वडिलांच्या हातचं काहीतरी घरात येईल, हेही मनात होतं.

चुलत्यांनी तंबाखू मळायची थांबवली. भावजय आधी हसली आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "म्हंजी आक्कांनी वाटा घेतला म्हणायचा."

भाऊ म्हणाला, "घेतला तर घेऊ दे. बराबर हाय. उद्याच पोचती करतो."

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी पाहुण्यांसमोर काही भलतं बोलल्यावर पाहायची. तेव्हाही मला उमजलं नाही. काहीच न घेणाऱ्या बहिणीचं माहेर राहतं; घेणारी झाड घेवो की रान घेवो, तिचा हिशोब मिटतो. मी इतकी शिकले, पण लिंबाखालची ही अक्कल मला आली नाही.

भावानं शब्द पाळला. दुसऱ्याच दिवशी ट्रॉली माझ्या दारात आली आणि नुसती खोडं नाही, अख्खी बाभूळ रिती करून गेली. फांद्या, शेंगा, काटे, सगळं. फाटक उघडता येईना. फोन केला तर म्हणाला, "वाटा हाय ना, मंग सगळाच घे. काटे काय मी ठेवू?" नवऱ्यानं दोन दिवस दारातले काटे गोळा केले आणि चपलेतून काढले. तो सहसा चिडत नाही. तेव्हा मात्र म्हणाला, "एक लोखंडी रॅक आणला असता तर तुझं काय बिघडलं असतं?"

मिस्त्री सापडायलाही वेळ लागला. बाभळीचं नाव काढलं की लोक दुसऱ्याकडे बोट दाखवायचे. शेवटी जो तयार झाला तो तोंडाचा फाटका होता. खोडावर कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे मागची बोथट बाजू, मारून तो म्हणाला, "मॅडम, बाभळीचं औत पाह्यलं, गाडी पाह्यली, मुसळ पाह्यलं. पुस्तकासाठी बाभूळ पहिल्यांदा पाहून राह्यलो." मग विचारलं, "कधी तोडली?"

पुनवेच्या आदल्या दिवशी, मी सांगितलं.

"चांदण्यात तोडली? ज्यानं तोडली त्याला शेतीतलं काही कळत न्हाई, न्हाईतर सगळं कळतं." चांदण्या पाखात, म्हणजे शुक्ल पक्षात, तोडलेल्या लाकडाला भुंगा लागतो असं आमच्याकडे शेतकऱ्याच्या पोरालाही माहीत असतं. माझा भाऊ शेतकऱ्याचाच पोरगा आहे.

आरागिरणीवाल्यानं पहिल्याच खोडाला पात्याचे दात घालवले आणि दुसरं खोड घ्यायला नकार दिला. मिस्त्रीनं त्याला कशी गळ घातली ते मी विचारलं नाही. फळ्या निघाल्या त्या बाहेरून पिवळट आणि आतून तांबूस, मांसासारख्या. दिसायला सुंदर आणि वागायला हलकट. आठवडाभरात त्या पिळायला लागल्या. एक फळी तर उभी चिरली. मिस्त्रीनं त्या जिन्याखाली एकावर एक रचल्या, मध्ये पट्ट्या घातल्या, वर शहाबादी फरश्यांचं ओझं ठेवलं आणि म्हणाला, "आता उन्हाळा जाऊ द्या. बाभळीला आपल्यासारखी घाई नसती."

उन्हाळा गेला, पावसाळाही गेला. दिवाळी आली. लग्न झाल्यापासून दर दिवाळीला मला केदारखेड्याहून मूळ यायचं. म्हणजे भाऊ, नाहीतर घरातलं कुणीतरी न्यायला यायचं. वडील असताना ते स्वतः येत. त्या वर्षी मी बॅग भरून ठेवली, आईसाठी मऊ लुगडं आणलं, लाडू डब्यात भरले. कुणी आलं नाही. भाऊबीजेच्या सकाळी मी फोन केला. भावजयीनं उचलला. म्हणाली, "वाटा घेतल्यावर मूळ कशाचं आक्का? आता तुमचं तुम्ही, आमचं आम्ही."

आईला फोन दे म्हटलं. तर म्हणाली, त्या झोपल्यात. मागे आईचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. ती कुणाला तरी विचारत होती, आक्काचा फोन हाय का?

त्या दिवशी मी फार रडले, आणि मग मला राग आला. दुःखापेक्षा रागानं माणूस जास्त काम करतं असा माझा अनुभव आहे. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलावलं आणि फरश्या उचलायला लावल्या.

त्यानं रंधा मारला की पातं बोथट व्हायचं आणि तो बाभळीच्या आईबापापर्यंत जायचा. खिळा ठोकावा तर खिळाच वाकायचा. प्रत्येक स्क्रूसाठी आधी भोक पाडावं लागायचं, आणि भोक पाडताना ड्रिलच्या काड्या तुटायच्या. भुंग्यानं पोखरलेला पिवळा भाग त्यानं तासून टाकला. उरलेल्या लाकडाला मी स्वतः औषध लावलं, मग तेल पाजलं. हाताची कातडी गेली. नवरा म्हणायचा, सोड आता. मी सोडलं नाही. एवढी महागात पडलेली वस्तू अर्धवट ठेवायची मला लाज वाटत होती.

मांडणी भिंतीवर चढवताना तिनं शेवटचा हिसका दाखवला. तिचं वजन भिंतीतल्या प्लगांना पेलेना. पुस्तकं ठेवण्याआधीच एका बाजूनं ती सुटली आणि मिस्त्रीच्या खांद्याला लागली. मग त्यानं भिंतीला आरपार भोकं पाडली, लांब बोल्ट घातले आणि पलीकडे स्वयंपाकघरात लोखंडी पट्टी लावून नट आवळले. "आता भिंत पडंल, ही पडायची न्हाई," तो म्हणाला. ते नट अजून माझ्या ओट्यावरच्या भिंतीतून बाहेर डोकावतात. मी त्यांना चाळणी आणि उलथणं अडकवते.

पुस्तकं लावली तेव्हा मला आनंद झाला. लपवत कशाला? वाळवीतून वाचलेली पुस्तकं त्या तांबूस फळ्यांवर उभी राहिली आणि मला वाटलं, भावाला म्हणावं, घे, तुझ्या काट्यांसकट मी हे करून दाखवलं.

आणि मग एका रविवारी भाऊ आला. न कळवता, पिकअप घेऊन. आधी तो उतरला. मग त्यानं हात धरून आईला उतरवलं. शेवटी तिचं गाठोडं, गोळ्यांचा डबा आणि पाण्याचा तांब्या. चार दिवसांच्या पाहुण्यासोबत कुणी त्याचा तांब्या पाठवत नाही.

तो आत आला, ऐसपैस बसला, चहा घेतला. मांडणीवर बोटांनी टकटक केलं. "चांगली झाली. बापानं राखलेलं लाकूड, चांगलंच व्हणार." मग बशी खाली ठेवत, पावसापाण्याचं बोलावं तसं म्हणाला, "आक्का, लाकूड नेलं तशी माय बी ठेव. वाटा म्हणलं की सगळ्यातच वाटा. आम्ही लई वर्सं केलं."

आई समोरच बसली होती. तिला ऐकू उत्तम येतं.

मी म्हणाले, "तू आईला काय बाभूळ समजतोस?"

"मी काय समजतो ते सोड. तूच म्हणलीस ना, मला पाहिजे म्हणून. मी न्हाई म्हणलो का?" तो उठला. जाताना आईच्या पाया पडला. पाया पडायला तो कधी चुकत नाही.

मला आई हवी होती आणि आई मिळाली. पण अशी, की तिच्या डोळ्याला डोळा देववत नव्हता. ती शेजारणीला सांगायची, "चार दिस आलेय लेकीकडं. मूळ यील माह्या लेकाचं." गाठोडं तिनं सोडलंच नाही. रोज त्यातून एक लुगडं काढायची आणि धुऊन, घडी घालून पुन्हा बांधून ठेवायची. दुपारी खिडकीशी बसायची. पिकअपचा आवाज आला की मान वळायची. बैठकीत बसली तर मांडणीकडे पाठ करून बसायची.

संक्रांत झाली, होळी झाली. एक दिवस जेवताना म्हणाली, "बाई, ते लाकूड परत देऊन टाक."

"कोणतं लाकूड?"

"भिंतीवरचं. तुहा वाटा फिटंल. मंग त्याला मला न्यावं लागंल."

मी हसण्यावारी नेलं. ती मात्र दर दोन दिवसांनी तेच काढायची. कधी गोडीनं, कधी रागानं. "तुह्या पुस्तकापायी माहं घर गेलं," असंही एकदा म्हणाली. भावाला मी फोनही करून पाहिला. लाकूड घेऊन जा, हवं तर आणखी काही घे म्हटलं. तो म्हणाला, "दिलेला वाटा परत घेत नसतेत," आणि फोन ठेवला. हे मी आईला सांगितलं नाही.

मग एका शनिवारी सकाळची शाळा करून घरी आले तर पुस्तकं जमिनीवर होती. ओळीनं, नीट रचलेली. आई स्वयंपाकघरात स्टुलावर चढून पान्यानं नट फिरवत होती. तिचा एक गुडघा निकामी आहे. खाली गॅसची शेगडी, वर ही, आणि नट जागचा हलत नाही. मी धावत जाऊन तिला कमरेला धरून खाली घेतलं. ती मला ढकलत राहिली. "सोड मला. खोलून ठिवते. तो यील आन् घेऊन जाईल मला."

भीती आणि राग दोन्ही एकदम वर आले. मी म्हणाले, "आई, त्याला लाकूड नकोय. त्याला तू नकोयस."

ती थांबली. पाना ओट्यावर ठेवला, उलथणं उचलून पुन्हा त्या नटाला अडकवलं. मग खुर्चीवर बसून, कुणा तिसऱ्याबद्दल बोलावं तशा आवाजात म्हणाली, "ते मला त्या दिशी गाडीतच कळलं व्हतं. तू कशाला बोललीस?"

संध्याकाळी तिनं गाठोडं सोडलं आणि लुगडी माझ्या कपाटात ठेवली. शेजारणीकडे ती आता जात नाही. माझ्याशी चहा आणि गोळ्यांपुरतं बोलते.