ठेंगणं दार

“वाका! समदी वाका!” आबा ओरडत होते. आणि कुठं, तर उघड्या माळासारख्या गाळात. वर नुसतं आभाळ, खाली भेगाळलेली जमीन, मध्ये आम्ही सात माणसं. डोक्याला लागायला ढगसुद्धा नव्हता...

आधीच सांगतो, भूतखेत, करणी असलं मी मानत नाही. मला वाढवून सांगायची खोड आहे, हे पाटसपासून भांडगावपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा यातलं ऊन निम्मं करून वाचा. कपाळाचं मात्र जसंच्या तसं.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. साखर कारखान्याचा सीझन संपलेला, स्टोअरमधले आम्ही साहेब धरून सहाजण मोकळे. आमच्या शिंदेसाहेबांना पक्ष्यांचं वेड. दौंड तालुक्याच्या टोकाला, भीमेच्या बॅकवॉटरवर फ्लेमिंगो बघायचे. दिवसात पाच ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी “फक्त दहा मिनिटं चालायचं.” साहेबांची दहा मिनिटं म्हणजे आमचा पाऊण तास. तिसऱ्या ठिकाणापर्यंत बाटलीतल्या पाण्यात पत्ती टाकली असती तर चहा झाला असता. चिखलानं एकेक बूट दहा किलोचा. आणि फ्लेमिंगो इतके लांब, की साहेब गुलाबी म्हणाले म्हणून आपण गुलाबी म्हणायचं.

वाट दाखवायला आबा होते. पूर्वी मेंढरं राखायचे, आता मुलाच्या शेतावर असतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे मुलगा त्यांना एकट्याला पाण्याकडे जाऊ देत नसे.

चौथ्या ठिकाणी आम्ही बसकण मारली, तेव्हा म्हाताऱ्यानं खरं सांगितलं. पाचव्या ठिकाणी पक्षी नव्हतेच. तिथं त्यांचं गाव होतं, धरणात गेलेलं. पाणी चढलं तेव्हा आबा मेंढरं घेऊन कोकणात. परत आले तर घर पाण्याखाली. निघताना घरातल्या देवाला डोकं टेकायचं राहिलं, ते राहूनच गेलं. यंदा दुष्काळानं पाणी तिथपर्यंत हटलं होतं. पुन्हा हटेल तेव्हा डोळे असतील का, कुणी सांगावं... म्हणून आम्हाला फ्लेमिंगोच्या नावाखाली आणलेलं!

साहेब चिडले. माझ्या पायांची लाकडं झाली होती, मी म्हटलं परत चला. आबा उठले आणि चालू लागले. आंधळ्या माणसाला एकटं सोडायचं कसं? गेलो मागोमाग.

गावाचं म्हणाल तर चार दगड आणि फुटका रांजण. पण आबा बोळातून चालल्यासारखे वळत होते. एका जागी त्यांनी चपला काढल्या, कमरेत वाकले, दोन पावलं पुढं गेले आणि वळून ओरडले. दार ठेंगणं हाय म्हणे.

बाकीचे पाचजण म्हाताऱ्याचं मन राखायला हसत हसत वाकून गेले. मी सहा फूट दोन इंच. बायको एक म्हणते. त्यात दिवसभराचा शिणलेला. म्हटलं, कोण वाकतंय? गेलो ताठ.

खाडकन आवाज झाला. सगळ्यांनी ऐकला. मी उताणा आणि कपाळातून रक्ताची धार. ठेच लागली असेल, साहेब म्हणाले. ठेच लागलेला माणूस तोंडावर पडतो हो, मी पाठीवर पडलो होतो.

तिकडं आबा गाळात डोकं टेकवून बसले होते. त्यांना कुणी हाक मारली नाही. बऱ्याच वेळानं उठले आणि येताना पुन्हा वाकूनच बाहेर आले. चेहरा ओझं उतरवल्यासारखा.

दौंडच्या डॉक्टरांनी चार टाके घातले. जखम आडवी, पट्टीनं आखल्यासारखी सरळ. मी काही सांगायच्या आत त्यांनी विचारलं, चौकट लागली का? मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

व्रण अजून आहे. कशाचा, ते आजही सांगता येत नाही. टाके काढल्यावर मुद्दाम आबांकडे गेलो होतो. ते अंगणात तंबाखू मळत बसलेले. म्हटलं, आबा, तिथं तर काहीच नव्हतं, मग मला लागलं काय?

त्यांनी तंबाखूवर दोन थापा मारल्या.

“वाका म्हनलं हुतं की.”